धुतलेले पाय

"हिचे पाय तर स्वच्छ आहेत. असं नाही चालणार."

पॉला मॅडम हे इंग्रजीत बोलल्या. माझ्या आईच्या पायांकडे बघत, मला. आमच्याच अंगणात उभं राहून.

ढाणकीपासून थोड्या अंतरावर आमचा तांडा. अमेरिकेतून बारा माणसं दहा दिवसांसाठी आली होती. शुभवर्तमान सांगायला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट. पाठीवर इंग्रजीत छापलेलं : जिथं अजून कोणी पोचलं नाही तिथं. पॉला मॅडम त्यांच्या पुढारी. मी त्यांची दुभाषी.

"तिला जरा शेतातून चालून यायला सांग ना. अनवाणी. मग आम्ही पाय धुतले की त्याला अर्थ येईल."

आम्ही बंजारा. आईला याडी म्हणतो. त्या सकाळी याडी कापूस वेचायला गेली नव्हती. पाहुणे येणार म्हणून पहाटे अंगण सारवलं. डोक्यावरून न्हाली. दगडानं टाचा घासल्या. दारात पाणी भरलेला पितळी गुंड आणि तांब्या ठेवला. पाहुण्यांच्या पायावर पाणी घालायला. आमच्यात आलेल्याला घरचे पाणी देतात.

मी वळले आणि गोरबोलीत तिला सांगितलं. ते बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते.

"याडी, वावरातून एक चक्कर मारून ये. चप्पल इथंच ठेव."

"कायले?"

"त्यायले पाय धुवायचे हायेत तुहे."

"मी आत्ताच तं घासले."

"मळलेले पाहिजेत त्यायले."

याडीनं माझ्याकडं पाहिलं. मॅडमकडं नाही. माझ्याकडं. मग चप्पल काढली आणि गेली. हरभऱ्याला आदल्याच दिवशी पाणी दिलेलं होतं. परत आली तेव्हा घोट्यापर्यंत काळा चिखल. साठीची बाई, खाली मान घालून, स्वतःच्या सारवलेल्या अंगणात चिखलाचे पाय उमटवत आली.

तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्यातली विशीतली एक मुलगी टब घेऊन खाली बसली. दोन कॅमेरे. एक पाय झाल्यावर थांबवलं. ऊन बरोबर पडत नव्हतं. खुर्ची फिरवली. पुन्हा सुरू.

मुलगी रडायला लागली. रडत म्हणाली, "तुमचीही किंमत आहे, हे तुम्हाला आजपर्यंत कोणीच सांगितलं नसेल."

मी सांगितलं.

याडी म्हणाली, "कोन म्हनलं इले? अन् रडून काहून राह्यली हे? घरचं कोनी गेलं काय इचं?"

मी इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, मी धन्य झाले."

बारा जणांनी टाळ्या वाजवल्या.

चार वर्षं मी हेच करत होते. तिकडचं ऐकायचं, त्यातला काटा काढायचा, इकडं सांगायचं. इकडचं ऐकायचं, त्यातला राग काढायचा, तिकडं सांगायचं. दोन्हीकडचे लोक म्हणायचे, पोरगी हुशार आहे.

मी ख्रिस्ती वसतिगृहात शिकले. इंग्रजी तिथंच आली. पण येशू मला वसतिगृहानं दिला नाही. बापानं दिला. माझा बाप या तांड्यातला पहिला विश्वासी. मराठी पवित्र शास्त्र पिशवीत घालून तो तांड्यातांड्यात पायी फिरला. वीस वर्षं. गोरबोलीत स्वतः गाणी जुळवायचा. आवाज भसाडा, पण लोक ऐकायचे. आमच्या नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, त्याला एकदा तांड्याबाहेर काढलं. दोन पावसाळे आम्ही शिवारात झोपडी करून राहिलो. बहिणीच्या लग्नाला तांड्यातलं एक माणूस आलं नाही. बाप तरी परत आला. शिव्या खाल्ल्या, पुन्हा गायला. मेला तेव्हा आठ घरं प्रार्थनेला येत होती.

आणि हे पाठीवर छापून आले होते. कोणी पोचलं नाही.

तो टी-शर्ट मी पहिल्याच दिवशी वाचला होता. वाचून गप्प बसले होते. एक मलाही दिला होता. मी घातला होता.

पाय धुतले त्या दुपारी पाहुण्यांच्या गाड्या गेल्या आणि याडी कापूस वेचायची ओटी कंबरेला बांधून शेतात गेली. मीही गेले. ती बोंडं फोडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"त्या बाईनं सांगतलं असतं तं मी गेली नसती. तू सांगतलं म्हून गेली."

एवढंच.

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या आईला चिखलात घालायला त्यांना तिची भाषा येत नव्हती. मला येत होती. मी ती दिली होती. माझ्या बापाच्या गाण्याची भाषा.

दुसऱ्या दिवशी रविवार. तांड्याच्या तोंडाशी मंडप. सगळा तांडा आला होता. पाहुणे बघायला का होईना, आला होता. नागपूरचे सर पहिल्या खुर्चीवर बसले होते. माझं वसतिगृह त्यांचंच. हा सगळा दौराही त्यांनीच ठरवला होता. पॉला मॅडमनी याडीला हाताला धरून मंचावर आणलं. खांद्यावर हात टाकला आणि माइकवर म्हणाल्या,

"या माउलीनं काल आयुष्यात पहिल्यांदा येशूचं नाव ऐकलं."

मी गप्प.

"सांग," मॅडम हळूच म्हणाल्या.

सरांनी डोळे मोठे केले. समोर तांडा बसलेला. बापाच्या मयतीला खांदा देणारे. न देणारे. नाईक काठी धरून पुढं बसलेला.

मग मी सांगितलं. पहिल्यांदा जसंच्या तसं सांगितलं.

"या बाई म्हनून राह्यल्या, माह्या याडीनं काल पयल्यांदा येशूचं नाव आयकलं."

मागून कोणीतरी हसलं. मग नाईक उठला. ज्यानं आम्हाला हाकललं तोच.

"तं मंग तुह्या बापानं वीस वर्स आमचं डोस्कं कायनं खाल्लं? मी त्याले तांड्याभायेर कायच्यासाठी काढलं? पोरी, सांग या बाईले. आमाले पटलं नाई ते येगळं. पन त्यानं सांगतलंच नाई असं कोनी म्हनू नोका."

मी ते इंग्रजीत सांगितलं. एक शब्द न गाळता. हाकलल्याचंही सांगितलं. मग थांबले नाही. कालचं सांगितलं. दोन्ही भाषांत. पाय धुतलेले होते, ते चिखलात घालून आणवले. यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. आईनं धन्य झाले म्हटलंच नव्हतं. ते मी खोटं बोलले.

टब धरणाऱ्या मुलीनं तोंड झाकून घेतलं. पॉला मॅडम म्हणाल्या, "ही आज थकलीय."

तेही मी तांड्याला सांगितलं.

सरांनी माइक ओढला. मराठीत बोलले, पाहुण्यांना कळू नये म्हणून. "इंग्रजी कोणाच्या भाकरीवर शिकलीस तू? विसरलीस? लाज नाही वाटत?"

"वाटते, सर," मी म्हटलं. "कालची वाटते."

याडी स्वतःच खाली उतरली. पायऱ्या नव्हत्या, तरी माझा हात मागितला नाही. बायकांमधून वाट काढत घरी गेली.

त्याला वर्ष झालं. वसतिगृहातले लोक आता माझा फोन उचलत नाहीत. सरांनी सगळीकडं कळवलं की मला सैतानानं धरलं. तांड्यातली दोन विश्वासी घरंही माझ्याशी बोलत नाहीत. पाहुणे आता यायचे नाहीत असं त्यांना वाटतं. मी उमरखेडला इंग्रजीचे क्लास घेते. रविवारी तांड्यावर येते. सहा घरं जमतात. मी वाचते, याडी गाते. येशू मी सोडलेला नाही. तो कोणाच्या गाडीतून आला नव्हता, कोणाच्या गाडीतून जाणार नाही.

मागच्या आठवड्यात सरांचा निरोप आला. या हिवाळ्यात नवीन लोक येतायत. दुभाषी मिळत नाही. क्षमा माग आणि परत ये.

मी उलट निरोप पाठवला. क्षमा मी आईची मागितली आहे, तुमची मागणार नाही. येते. पण ते बोलतील तेवढं सगळं सांगीन. तांडा बोलेल तेही सगळं सांगीन. शिवी आली तर शिवी सांगीन. एक शब्दही गोड करणार नाही.

उत्तर आलं नाही. दुसरा कोणी शोधला असेल.

शोधू दे. मंडप माझ्या तांड्यात पडणार आहे. मी पुढं बसणार आहे, नाईकाच्या शेजारी. कोणी खोटं बोललं की मी उभी राहणार आहे.

मले इंग्रजी येते.