दर तिसरा कागद

महालक्ष्मी मामींना मराठी वाचता येत नव्हतं, आणि गेली आठ वर्षं त्या वेलचेरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मराठी कागद तपासण्याच्या नोकरीवर होत्या. यात फसवाफसवी होती असं कोणी म्हणालं, तर थोडी होती. पण सुरुवात कंपनीनं केली होती.

मुलाखत घेणाऱ्या साहेबानं अर्जातला मातृभाषेचा रकाना पाहिला आणि त्याला हर्षवायूच झाला. मराठी! चेन्नईत घरबसल्या मराठी माणूस सापडलं, तेही छापखान्यातलं! त्यानं लगेच हात मिळवला. वाचता येतं का, हे त्यानं विचारलं नाही. मातृभाषा म्हटल्यावर असलं कोण विचारतं? मामींनीही आपणहून सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मामींचं माहेर तंजावरचं आणि सासरही तंजावरचंच. तिकडच्या मराठी घरांत भाषा जिभेवर टिकली, हातातून मात्र गेली. मामींची शाळा तमिळ, ऑफिसचे कागद इंग्रजी, आणि मराठी फक्त स्वयंपाकघरात, भांडणात आणि देवापुढे. लिहायची वेळ आलीच तर ती तमिळ अक्षरांत लिहायची. आता तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, म्हणजे चार भावंडांत एक सदरा. वाण्याच्या यादीत मामी गूळ लिहीत, ते कूळही वाचता येई. पण कूळ किलोवर मिळत नाही हे त्यांच्या यजमानांना, अनंतकृष्णांना, ठाऊक होतं, त्यामुळे संसार सुरळीत चालला.

अनंतकृष्ण चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होते आणि मामी जवळच अंबत्तूरच्या एका छापखान्यात. तिथे औषधांच्या खोक्यांत घालायची पत्रकं छापत. एकेका पत्रकावर अकरा भाषा. अकरा भाषा कोणाच्या बापाला येतात? म्हणून तिथे वाचायची पद्धतच नव्हती. पास झालेला नमुना खाली ठेवायचा, नवा कागद वर ठेवायचा, दोन्ही उजेडाला धरायचे. जे जुळत नाही ते चुकलं. अर्थाची काळजी डॉक्टरांनी करावी. मामींनी तिथे बावीस वर्षं काढली आणि त्यांची नजर अशी तयार झाली, की पंक्तीत एखादं पान केसभर वाकडं मांडलं तरी त्यांना जेवण जात नसे.

छापखाना बंद पडला आणि मामी वेलचेरीला आल्या, त्या पद्धत बरोबर घेऊनच. चौथ्या मजल्यावर चहाच्या खोलीत फ्रिजशेजारी पूर्वेची खिडकी होती. मामी सकाळी तिच्या काचेवर कागद चिकटवायच्या आणि नाक लावून बघत बसायच्या. चूक सापडली की कळवायच्या, "पान दोन, ओळ सात, तिसरा शब्द, खालची रेघ." शब्द कोणता, ते कधीच नाही. सगळ्या कंपनीला वाटे, काय हा काटेकोरपणा! नव्या पोरांना मामींचं उदाहरण देत. कोणी फोनवर मराठी विनोद दाखवला तर मामी सांगायच्या, "चष्मा आणला नाही रे." चष्मा नाकावर असायचा. इतका आदर मिळाला की माणसाच्या नाकाकडे कोणी बघत नाही.

मग ऋजुता आली. साताऱ्याची, वय एकोणतीस, टीमची प्रमुख, आणि मराठी वाचण्यात पटाईत. मामी सावध झाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच वरिष्ठ म्हणून खरा मराठीवाला येत होता. पण ऋजुता आली तीच आगीत उडी घेऊन, त्यामुळे मामींची परीक्षा घ्यायला तिला फुरसत नव्हती.

आग अशी होती. महाराष्ट्रातल्या, साताऱ्यात मुख्य ऑफिस असलेल्या बारा रुग्णालयांना घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती द्यायला मराठी सूचनापत्रक हवं होतं. कोणती गोळी, कधी, किती. डॉक्टरांनी बटण दाबायचं, कंपनीच्या सर्व्हरनं पीडीएफ बनवायची, रुग्णालयानं छापायची. सोपं काम. ते करणारा कुशल नावाचा पुण्याचा पोरगा हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं, हीच काय ती अडचण. त्याच्या मॅकवर पत्रक लग्नपत्रिकेसारखं देखणं दिसे. तेच रुग्णालयातल्या विंडोजवर उघडलं की जोडाक्षरं फारकत घेत आणि वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडत. सर्व्हर लिनक्सचा, त्यावर तर नुसते रिकामे चौकोन.

"माझ्या मशीनवर तर नीट दिसतंय," कुशल म्हणायचा.

"मग तुझं मशीन पाठवायचं का साताऱ्याला?" ऋजुता म्हणायची.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी निघालं ते असं, की पीडीएफमध्ये अक्षरं नव्हतीच, फक्त फॉन्टचं नाव होतं. ज्या यंत्रात तो फॉन्ट असेल ते तो वापरी. नसेल ते आपल्याकडचा कुठलातरी काढून बसवी. पाहुण्याच्या पायात मिळेल तो जोडा. मग कुशलनं फॉन्ट पीडीएफच्या पोटातच भरला, की तो कागद जाईल तिथे आपली अक्षरं घेऊन जाईल. मॅक, विंडोज, लिनक्स, सगळीकडे एकसारखं दिसू लागलं. कुशलनं पेढे आणले, म्हणजे चेन्नईत मिळतात तसे. सोमवारी बाराही रुग्णालयांत पत्रक सुरू करायचं ठरलं.

ऋजुतानं स्वतः साठ पत्रकं वाचली. एक चूक नाही. मग शुक्रवारी, आपला एक नियम म्हणून, मामींकडे दिली.

चाचणीसाठी कुशलनं सईबाई नावाची एक रुग्ण बनवली होती. वय सत्तर, आणि बिचारीला कोणता आजार नव्हता ते विचारावं. मामींनी सईबाईंचं पत्रक मागवलं, एकदा नव्हे, तीस वेळा. यंत्र पहिला कागद पाहुण्यांसमोर वागावं तसा काढतं, खरा स्वभाव नंतर कळतो, हे त्यांना छापखान्यात समजलं होतं. तीसही कागद एकेक करून ऋजुतानं पास केलेल्या नमुन्यावर ठेवून त्यांनी काचेला लावले. वीस जुळले. दहा नाही. अकराव्या ओळीत नमुन्यात एक बारीकसं काहीतरी होतं, ते दहांत नव्हतं. तिथे नुसती मोकळी जागा. आणि ते दहा कसे, तर तिसरा, सहावा, नववा, असे दर तिसरा.

मामी कागद घेऊन ऋजुताच्या टेबलापाशी गेल्या. कुशल तिथेच होता.

"पान एक, ओळ अकरा, दुसऱ्या शब्दानंतर. दर तिसरा कागद जुळत नाही, मा." मामी पोरीबाळींना तमिळ पद्धतीनं मा म्हणत.

ऋजुतानं वाचलं. "रात्री जेवणानंतर गोळी. बरोबर आहे की, मामी."

"जुळत नाही."

"प्रिंटरचं असेल," कुशल म्हणाला. "शाई सोडतो तो मधेमधे." नाचता येईना, अंगण वाकडं.

"प्रिंटर मोजून दर तिसऱ्याला सोडतो कां?" मामींनी विचारलं.

ऋजुतानं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. मग ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "हे बघा मामी, वाक्य पूर्ण आहे, शब्द बरोबर आहेत. मला तर काही दिसत नाही. तुम्हीच वाचून दाखवा, काय चुकलंय ते. नाहीतर सोमवारचं मी थांबवू कशी?"

तिचंही चूक नव्हतं. साताऱ्याहून दर तासाला फोन येत होता.

मामी कागद हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांना दोन रस्ते होते आणि दोन्ही लख्ख दिसत होते. "असेल बाई, प्रिंटरचंच असेल," म्हणायचं आणि खिडकीशी परत जायचं. मूठ झाकलेली राहिली असती, नोकरी राहिली असती, आदर राहिला असता. पण बावीस वर्षं औषधांच्या पत्रकांवर घालवलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. औषधाच्या कागदावरून जे नाहीसं होतं, ते कोणाच्या तरी पोटात जाऊन सापडतं. नोकरीपेक्षा त्यांना लाज मोठी वाटत होती. देवाजवळ ज्या भाषेत भांडायचं, ती कागदावर ओळखता येत नाही, हे साताऱ्याच्या पोरीसमोर सांगायचं कसं?

"मला वाचाला येत नाही," मामी म्हणाल्या.

"चष्मा राहिला का?"

"चष्मा आहे. मराठी वाचाला येत नाही. आठ वर्षें मी एक अक्षरही वाचलें नाही. कोणी विचारलें नाही म्हणून मी सांगितलें नाही. आतां काढायचें तर काढ मला. पण आधी हें काचेला लावून बघ."

कुशलचं तोंड उघडं राहिलं. त्यानं हातातला उरलेला पेढा तसाच धरून ठेवला होता. ऋजुता उठली, मामींच्या मागोमाग चहाच्या खोलीत गेली, आणि जन्मात पहिल्यांदा न वाचता कागदाकडे बघायला लागली.

खालच्या कागदावर होतं, रात्री जेवणानंतर, मग एकाखाली दोन असं अर्ध्याचं इवलंसं चिन्ह, मग गोळी. वरच्यावर ते चिन्ह नव्हतं. त्या रुग्णालयांत एक गोळी असेल तिथे आकडा घालायची पद्धत नव्हती, नुसतं "गोळी" लिहायचे. म्हणजे अर्धी गोळी दर तिसऱ्या कागदावर पूर्ण होत होती. आणि सईबाईंना ती गोळी हृदयासाठी दिलेली होती.

"अगं आई गं," ऋजुता म्हणाली आणि फ्रिजला टेकली. साठ पत्रकं तिनं वाचली होती. त्यातली वीस चुकीची होती आणि वीसही तिला बरोबर वाटली होती, कारण वाक्याला अर्थ होता. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो. तिला तिथेच रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

कुशलला मात्र वीस मिनिटांत छडा लागला. सर्व्हर एक नव्हता, तीन होते, आणि आलेलं काम पाळीपाळीनं घेत होते. दोघांवर फॉन्टची नवी आवृत्ती होती. तिसऱ्यावर खुद्द कुशलनंच वर्षापूर्वी कधीतरी हातानं टाकलेली जुनी होती. त्या जुन्या फॉन्टात अर्ध्याचं चिन्हच नव्हतं, आणि नसलेल्या चिन्हाच्या जागी चौकोन काढायची लाज सोडून तो गुपचूप मोकळी जागा ठेवत होता. पोटात फॉन्ट भरला होता खरा, पण तिसऱ्या भावानं शिळाच भरला होता. कुशलनं जुना उपटून नवा टाकला. मामींनी पुन्हा तीस कागद काढायला लावले, मग आणखी तीस. साठही जुळले. मग कुशल मामींसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "प्रिंटरचं नव्हतं." पुण्याच्या माणसाची माफी याहून मोठी नसते.

सोमवारी पत्रक वेळेवर सुरू झालं. मामींचं पितळ उघडं पडलं ते मात्र सोमवारपर्यंत सगळ्या मजल्यावर पोचलं होतं, आणि मनुष्यबळ खात्यातली बाई फॉर्म घेऊन ऋजुताकडे आली. मामींच्या नावापुढे "मराठी वाचन: उत्तम" असं आठ वर्षांपूर्वीचं लिहिलेलं होतं. ते खोटं आहे तर आता काय करायचं, असं तिनं विचारलं. ऋजुतानं "उत्तम" खोडलं, तिथे "येत नाही" लिहिलं, आणि खाली सही करून पुढे लिहिलं, की मामींनी काचेला लावल्याशिवाय औषधाचा एकही नमुना बाहेर जाणार नाही. त्या बाईला काही कळलं नाही, पण सही होती म्हणून ती गेली.

दुपारी ऋजुता डबा घेऊन मामींच्या शेजारी बसली. तिनं भात कालवला.

"मामी, मी शिकवते ना तुम्हाला. रोज जेवणानंतर अर्धा तास. तुमचं मराठी माझ्याहून जुनं आहे, महिनाभरात वाचायला लागाल."

मामींचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकावंसं त्यांना किती वाटत होतं हे त्यांना आत्ताच कळलं. डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं पुसले, आणि मान हलवली.

"आतां नको, मा. मला दोन वर्षें राहिलीत. रिटायर झाल्यावर शिकव, मी आवडीहून रोज येईन, पाटी घेऊन येईन. पण तोंवर नको. मला वाचाला यायला लागलें, तर मीही तुझ्यासारखी वाचून पुढें जाईन. मग ती अर्धी गोळी कोण बघणार?"

ऋजुतानं आपल्या डब्यातली वांग्याची भाजी मामींच्या ताटात वाढली.