गाडी न मावणारा बोळ

गजानन खरमाटे हा गडी मूळचा माण तालुक्यातला. कोलकात्यात एकोणीस वर्षं काढली, तरी बोलणं अजून माणदेशीच. काम काय, तर मोबाइल कंपनीच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन शहरभर हिंडायचं. पुढं चार फोन बांधलेले. ते आपसूक कॉल लावत राहतात आणि नकाशावर गाडीमागं ठिपके पडत जातात. रेंज धड असली तर हिरवा, कॉल तुटला तर लाल. जिथं लाल जास्त, तिथं कंपनी नवं यंत्र बसवते.

एक दिवस नसीमाबीबी हापिसात येऊन बसली. पन्नाशीची बाई, खिदिरपूरच्या गोदीमागं एका बोळात राहणारी. आजारी माणसांजवळ रात्रपाळीला आया म्हणून जायची. आया सेंटरवाले दुपारी फोन करून काम सांगतात; फोन लागला नाही की यादीतलं पुढचं नाव.

“दादा, घरात फोन म्हणजे नुसता डबा,” ती हिंदीत म्हणाली. “या महिन्यात चार कामं गेली. सेंटरवाली म्हणते, ईदपर्यंत वाट बघते, मग नाव कापते.”

“जरा बाहीर येऊन बघत जा की.”

“दोन वाजल्यापासून नाक्यावर उभीच असते; त्याआधी फोन आला तर काम गेलं. पोरं विचारतात, खाला, ट्रॅफिक पोलीस झालीस का?”

गजाननने तक्रार स्वतःच्या नावावर घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. मोठा रस्ता हिरवागार. बोळाच्या तोंडाशी मात्र गाडी थांबली. आत शिरायला जागाच नाही.

त्याचा साहेब हर्षद, पुण्याचा, तिशीतला पोरगा. नकाशा बघून म्हणाला, “काका, सगळं हिरवं आहे. प्रश्न काय आहे?”

“बोळात गाडी शिरत न्हाई, साहेब.”

“मग तो बोळ आपल्या मोजणीतच नाही.”

“गाडी शिरत न्हाई, पर माणसं राहत्यात की तितं.”

“पायी मोजलेलं धरत नाहीत. वाहन लागतं.”

“कुटलं वाहन, ते लिवलंय का?”

हर्षदने कागद चाळला. “तसं नाही लिहिलेलं.”

झालं. गजाननने नाक्यावरची तीनचाकी सायकल-व्हॅन ठरवली. फळीवर चारी फोन दोरीनं आवळले आणि लॅपटॉप घेऊन स्वतः वर बसला. व्हॅनवाला म्हणाला, “मासळीचा बर्फ वाहिला, नवरीचं कपाट वाहिलं. फोनची वरात आजच बघतोय.”

बोळात कुठं पाण्याच्या बादल्या, कुठं शेळी, कुठं उघड्यावरच शिवणयंत्र. प्रत्येकाला हात जोडत, भिंत घासत व्हॅन पुढं सरकली. या टोकापासून त्या टोकाला जायला पाऊण तास लागला. नकाशावर नुसत्या मिरच्या वाळत घातल्यागत लाल.

नसीमाबीबी दारात उभी होती. “दादा, लाल म्हणजे चांगलं का वाईट?”

“तुज्यासाटी चांगलं.”

ती हसली. आतून वेताचा मोडा आणून त्याला बसायला दिला.

तीन दिवसांनी अहवाल तयार होऊन आला. दोन हिरव्या रस्त्यांच्या मधे कोरी पट्टी. बोळ नाहीच.

“माजं ठिपकं कुटं गेलं?”

“ताशी पाच किलोमीटरच्या खाली वेग असला की नोंद आपोआप गाळली जाते,” हर्षद म्हणाला. “गाडी उभी आहे असं धरतात. नाहीतर सिग्नलला थांबलं की एकच जागा शंभरदा मोजली जाईल. नियम बरोबरच आहे, काका.”

“त्या बोळात पाचाच्या वर जो पळंल, तो कुनाच्या तरी चुलीत पडंल.”

“मान्य आहे. पण अहवालावर सही आज हवी. आणि ती तक्रार बारापर्यंत बंद करा, तुमच्या नावावर लोंबकळतेय.”

“बंद कशी करू? रेंज कुटं आली?”

“तक्रारदाराला तीनदा फोन लावायचा. नाही लागला तर संपर्क नाही लिहायचं, की बंद होते. हाही नियमच आहे.”

सकाळचे साडेअकरा. या वेळेला बाई घरात असणार, हे गजाननला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोन लावला. आधी बंगालीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत आवाज म्हणाला, संपर्क होऊ शकत नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. दोन वाजता ती नाक्यावर येईल, तोवर थांबतो, एवढंच साहेबाला सांगायचं होतं. हर्षद काही वाघ नव्हता, थांबलाही असता. पण निवृत्तीला चार वर्षं राहिलेला माणूस साहेबापुढं दोनदा अडत नाही. तो एकदा अडून झाला होता, व्हॅनपायी.

त्याने लिहिलं: ग्राहकाशी संपर्क झाला नाही. तक्रार बंद. मग अहवालावर सही केली.

ईद झाली. आया सेंटरच्या यादीतलं नसीमाबीबीचं नाव गेलं, असं व्हॅनवाल्याकडून कळलं. त्याच आठवड्यात तक्रारी मुदतीत निकाली काढण्यात कोलकाता कार्यालय पहिलं आलं. हर्षदने सगळ्यांना नोलेन गुळाचे, म्हणजे खजुरीच्या गुळाचे, संदेश पेढ्यांसारखे वाटले. गजाननने दोन खाल्ले.