धक्क्याची मोटार

धाकट्या भावाने नवी पिकअप घेतली तेव्हापासून माझं पोट दुखते. खोटं कायले लिहू.

त्याची पिकअप पांढरी. मागे धानाची पोती, आत थंड हवा, किल्ली फिरवली की निघाली. माझी मोटार काळी, गोल दिव्यांची, खाणीच्या साहेबाने मोडीत काढलेली. भंडाऱ्याचे हौशी लोक येऊन तिचे फोटो काढतात. पण तिचा स्टार्टर कधीचाच मेला. तिला धक्का लागते.

धक्का बायको मारायची. मी स्टेअरिंगवर, ती मागे पदर खोचून. गाडी चालू झाली की पळत येऊन चालत्या गाडीत बसायची. स्टार्टर दुरुस्तीचं काढलं की म्हणायची, "मी आहो ना." म्हणून तो तसाच राहिला. ती मागच्या वर्षी गेली. त्या साली आम्ही सण केले नाहीत.

या दसऱ्याला दोन्ही गाड्या अंगणात होत्या. आमच्याकडे पूजा झाली की चाकांपुढे लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. लिंबू फुटलं नाही तर पूजा अर्धी. भावाच्या बायकोने पिकअपला कुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर चढून बसली. लिंबं फुटली. त्याच्या गाडीला बायकोचं काम नाही, तरी शेजारी बायको. माझ्या मोटारीपुढची लिंबं तशीच होती.

"दादा, दोरी बांधू? पिकअपनं ओढून देतो," भाऊ म्हणाला.

"तुह्या गाडीच्या मांगं माही गाडी? मेलो तरी नाही."

भावाची बायको रीतीप्रमाणे माझ्याशी, म्हणजे भासऱ्याशी, सरळ बोलत नाही. खिडकीतून नवऱ्यालाच म्हणाली, "त्यायले विचारा, मी उतरून धक्का देऊ काय?"

"तिले म्हण, बसून राय," मी म्हणालो. धक्क्याची जागा तिची नव्हती. "स्टेअरिंगवर तू बस. धक्का मी मारतो."

"या वयात?"

"तुही वहिनी का तरणी होती?"

मागे गेलो. डिक्कीवर दोन ठिकाणी रंग घासून पत्रा उघडा पडला होता. तिच्या हातांच्या जागा. इतक्या वर्षांत मी कधी मागे उभाच राहिलो नव्हतो. तिथेच हात ठेवले. वाकावं लागलं, ती बुटकी होती.

पहिल्या धक्क्याला गाडी हललीसुद्धा नाही. इतकी जड आहे हे तिने कधी सांगितलं नाही. मी आत बसून ओरडायचो, "जोरानं मार ना."

तिसऱ्या धक्क्याला लिंबं फुटली. गाडी उताराला लागली, भावाने क्लच सोडला, इंजिन खोकलून चालू झालं.

"दादा, या, बसा लवकर!"

चार पावलं पळालो. पाचवं निघालं नाही.

मोटार पाण्याने भरलेल्या बोडीच्या वळणाकडे गेली. मागून ती कशी दिसते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. बरी दिसते. आत भाऊ बसला होता. आता त्याच्याकडे दोन्ही गाड्या होत्या.