दरीकाठची दशमी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

अमेरिकेत फिरायला निघालेल्या ताईने आज अकोल्याला आईला व्हिडिओ कॉल केला. तिच्या मांडीवर घरून नेलेल्या दशम्यांचा डबा, समोर मावळतीच्या उन्हात लाल झालेली अफाट दरी! पण पार्किंगमधली माणसं काचा लावून गाडीतच बर्गर खात होती. शेजारच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ एकटेच.

आई म्हणाली, "त्याईले दशमी काहून नाई देत?"

"आई, इथं असं कोणी देत नाही."

"तू दे."

ताई गेली. त्या गृहस्थांनी काच खाली केली, दशमी घेतली आणि शेजारच्या सीटवरची पेटी दाखवली. त्यात बायकोच्या अस्थी होत्या. तिला ही दरी पाहायची होती म्हणे.



आईने एवढंच विचारलं, "आन् त्याईच्या संग कोणीच नाई आलं?"

ताईने डब्यातली दुसरी दशमी काढली. तुम्ही आईला काय सांगितलं असतं?