सही-शिक्क्याचा कोरा कागद

मंडळी, आज वाशिमच्या एका सरकारी ऑफिसात भारीच झालं.

मला दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो. सरकारी वेबसाइट आमच्यासारख्यांना वापरता याव्यात म्हणून ऑफिसांना मदत करणं, हे माझं काम. त्या ऑफिसच्या वेबसाइटवर दिव्यांगांच्या शिबिराची सूचना होती. मोबाईल नुसता म्हणाला, "इमेज." सही-शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो चढवला होता!

तिथले बाबू म्हणाले, "ताई, शिक्का नसला तं लोकं खरं मानत नाहीत."

"भाऊ, मले तं तो कागद कोराच हाय. फोटो राहू द्या, सोबत टाइप केलेली फाइल बी टाका."

त्यांनी टाकली. मी मोबाईलचा आवाज वाढवला, अख्ख्या ऑफिसानं सूचना ऐकली. वर लिहिलं होतं कारंजा, खाली शिबिराचं ठिकाण केनवड!

बाबू ओरडले, "अरे बाप्पा! खाली मांगच्या सालचं गाव तसंच राह्यलं!"

म्हणजे सही झाली, शिक्का बसला, पण वाचलं कोणीच नव्हतं. मी दुरुस्ती करवूनच उठले.

कुबड्या घेऊन चुकीच्या गावी पोहोचलेल्या माणसाला तो शिक्का घरी आणून सोडणार होता का, सांगा बरं?