नखाविना एकशे वीस

पहाटे पावणेसहाला बेसिनपाशी उभ्या राहून सिस्टर नखं घासायच्या. मग तळवा डोळ्यांसमोर धरायच्या. बोटामागून नखाची पुसटशी कड दिसली, की पुन्हा कानस. ऑपरेशन थिएटरमध्ये वाढलेलं नख चालत नाही. पंचवीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

पंचेचाळिशीत त्या क्लासिकल गिटार शिकू लागल्या आणि तिथेच घोडं अडलं. ही गिटार उजव्या हाताच्या नखांनी छेडतात. वरच्या वर्गात जायचं, तर एका रचनेचं शेवटचं पान मिनिटाला एकशे वीस ठोक्यांच्या लयीत, एकही सूर न चुकवता वाजवायचं. क्लासचे सर ही परीक्षा वर्षातून एकदाच घ्यायचे.

सिस्टरांनी शक्कल लढवली. सुटीच्या दिवशी दिराचा टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याची नखं केली नि गोंदाने चिकटवली.

"वहिनी, माझा चेंडू कुठाय?"

"वाजतोय," सिस्टर म्हणाल्या.

वाजतही झकास होता. पण सरांसमोर, ऐन भरात, एक नख उडालं ते थेट त्यांच्या चहात.

"साखर मी आधीच घेतली होती," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी या. स्वतःची नखं वाढवून."

"नखं नाही वाढायची, सर. मी येईन."

चेंडूची नखं केरात गेली. ठोके देणारं यंत्र साठावर आलं. एका वेळी चारच सूर, नुसत्या बोटाने. सलग पाचदा स्वच्छ आले, तर दोन ठोके पुढे. एकदा जरी अडखळले, तर दोन मागे. बोट तारेत रुतून बसायचं, सुटायला उशीर करायचं. मग त्या तारेला जेमतेम टेकून बोट उचलायला शिकल्या. शंभरावरून गाडी दीड महिना हटेना.

"अगं, शंभर काय वाईट आहे?" नवरा म्हणाला.

"दहातले आठ टाके घालून पेशंट बाहेर काढतात का?"

त्याने पेपर उघडला.

वर्षाने सरांनी चहाचा कप आधीच लांब सरकवला. सिस्टरांनी वाजवलं. आवाज मऊ होता, पण प्रत्येक सूर सुटा, नेमका. पान संपलं तरी यंत्र एकशे वीसवर टकटकत होतं.

"या खेपेला कसली नखं लावलीत?"

सिस्टरांनी तळवा पुढे धरला. सरांनी एकेक बोट निरखलं; एकही नख पुढे आलेलं नव्हतं.

"सोमवारपासून वरच्या वर्गात. सकाळी सातला."

"सातला नाही जमायचं, सर. माझी सकाळची पाळी असते. संध्याकाळचं बघा ना."