विरोधी पक्षातली लेक

कसबा बावड्याच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा एक म्हातारा बसतो. आपल्या पक्षाविरुद्ध कुणी ब्र काढला, तर आरी नाचवत भांडतो. परवा विरोधी पक्षाची प्रचारफेरी आली. सगळ्यांत पुढं घोषणा देत होती त्याचीच लेक! आता हा चप्पल फेकणार, असं मला वाटलं. त्यानं तिला हाक मारली आणि तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून दिला.

मी बघतच राहिलो.

"पावणं, मी पक्ष बदलला म्हणून बापानं मला घराबाहेर काढलंतं," तो म्हणाला. "परत त्याचं तोंड बघितलं ते मयतीलाच."

आणि लगेच तो फेरीच्या मागं ओरडला, "ह्यास्नी मत देऊ नगासा!"